फळ्याच्या कोपऱ्यातली नावं

प्रति,
वसई-विरारमधील सर्व शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिक्षिका यांस



सत्र संपलं की मुलांच्या हाती प्रगतिपत्रक पडतं. त्यात ‘विशेष प्रगती’ आणि ‘आवड, छंद’ यांच्या शेजारी ‘सुधारणा आवश्यक’ असा एक रकाना असतो. दरवर्षी कितीतरी मुलांच्या त्या रकान्यात एकाच वळणाचं वाक्य उमटतं: वर्गात बोलत नाही, उत्तर देताना लाजते, अबोल आहे, धीटपणा वाढवावा. पालक सही करतात, ‘जरा तोंड उघडत जा की’ म्हणून मुलाला दटावतात आणि विषय तिथेच मिटतो. हे पत्र त्या एका रकान्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं की वर्गात गप्प राहणं ही बहुतेक मुलांना शाळेच्या वर्षांमध्ये लागलेली सवय आहे. ती जिथे लागली तिथेच सुटू शकते, आणि ती सोडवण्याचं काम एकट्या मुलावर टाकून चालणार नाही. तुमच्या कामाबद्दल मनात आदर आहे म्हणूनच ही तक्रार थेट तुमच्याकडे करत आहे.

स्वभावाचा मुद्दा आधी घेऊ. जून-जुलैत पहिलीच्या वर्गात डोकावलं तर बोलायला लाजणारी मुलं शोधावी लागतात. सुरुवातीचे चार दिवस रडण्यात गेले की ‘बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलं’, ‘बाई, आमची मांजर व्यायली’, ‘बाई, मी सांगू?’ याला खळ नसतो. त्याच शाळेचा आठवीचा वर्ग पाहावा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला एका सुरात ‘हो’ येतो, आणि ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की साऱ्या माना वहीत जातात. सात वर्षांत एका वर्गातल्या एवढ्या मुलांचा स्वभाव एकदमच बदलला, असं मानणं कठीण आहे. शिवाय शाळेच्या फाटकाबाहेर ही मुलं मुकी नसतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळीच्या वाट्यावरून घासाघीस करणारी, निर्मळच्या जत्रेत पाळणेवाल्याशी हुज्जत घालणारी, रविवारी चर्चमध्ये साऱ्या गावासमोर वाचन करणारी, मैदानात बाद की नाबाद यावरून गल्ली डोक्यावर घेणारी मुलं ती हीच. तीच जीभ वर्गाच्या उंबऱ्याच्या आत आली की जड होते. मग कारण जिभेत शोधायचं की उंबऱ्याच्या आत काय घडतं त्यात?

आत काय घडतं ते पाहा. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आपल्याकडच्या मुलांच्या कानावर शाळेत पडणारी अगदी पहिली आज्ञा. शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटर खडू घेऊन उभा राहतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहू लागतो. मारणाऱ्यांची किंवा दुसऱ्याचा डबा पळवणाऱ्यांची अशी यादी कधी लिहिली जात नाही; फळ्यावर नोंद होण्याइतका मोठा अपराध एकच, बोलणं. नावापुढच्या फुल्या वाढतात तशी शिक्षा वाढते. हा प्रघात कुणी वाईट हेतूनं पाडलेला नाही, हे मला मान्य आहे. साठ मुलांचा गलका खरोखर असह्य असतो आणि त्यानं शेजारचा वर्गही अडतो. पण त्या यादीत शेजाऱ्याला गणित समजावून सांगणारा आणि शिट्ट्या मारणारा यांची नावं एकाखाली एक येतात, आणि मूल त्यातून जे घ्यायचं ते घेतं. पुढे आठवी-नववीत आपणच त्याला मोकळेपणानं बोलायला सांगतो. ज्यासाठी सहा-सात वर्षं नाव फळ्यावर गेलं, तेच आता गुण म्हणून मागितलं जातं. म्हणून माझी पहिली विनंती: ही यादी बंद करा. गलका आवरण्याचे दुसरे मार्ग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

दुसरी तक्रार वेळेची आहे, आणि ती ऐकायला क्षुल्लक वाटेल. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी किती थांबतात? अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली बोलणी ध्वनिमुद्रित करून ही वेळ मोजली. ती सरासरी एका सेकंदाच्या आसपास भरली. एवढ्या वेळात उत्तर आलं नाही तर शिक्षक दुसऱ्याकडे वळत, प्रश्न बदलत किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकत. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून थोडी जास्त वाढवली, तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. यात मुलांना कुणी धीटपणाचे धडे दिले नव्हते. बदलले होते ते शिक्षक, तेही दोन सेकंदांनी. आपल्या वर्गांमध्ये तर प्रश्न पुरा व्हायच्या आत पहिल्या बाकावरची चार-पाच बोटं वर गेलेली असतात आणि तास त्या चार-पाच जणांशीच चालतो. मधल्या आणि मागच्या बाकांवरची मुलं मंद असतात म्हणून नव्हे, तर वाक्य मनात जुळवायला त्यांना क्षणभर जास्त लागतो म्हणून गळतात. त्यातही ज्याला घरच्या बोलीतलं वाक्य आधी पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत फिरवून घ्यावं लागतं, त्याला एक सेकंद पुरणार कसा?

इथे मी आपल्या भागाच्या मुख्य दुखण्याशी येतो. वसई-विरारइतक्या बोली एका तालुक्यात नांदणारी ठिकाणं महाराष्ट्रात थोडी असतील. पश्चिम पट्ट्यात सामवेदी, म्हणजेच कादोडी, आहे, वाडवळी आहे, किनाऱ्याला कोळी बोली आहे, आगरी आहे; पूर्वेच्या पाड्यांवर वारली आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत विरार आणि नालासोपाऱ्याच्या चाळींमधून मालवणी, गुजराती, हिंदी, भोजपुरी आली. २००९ साली महानगरपालिका झाली तेव्हा इथली चार शहरं आणि कित्येक गावं कागदावर एक झाली; वर्गातही या मुलांच्या जिभा एकत्र आल्या, पण त्यांच्यासमोर मोजमाप मात्र एकच ठेवलं गेलं: क्रमिक पुस्तकाची भाषा. एखादं मूल उभं राहून आपल्या घरच्या हेलात पहिलं वाक्य बोलतं आणि वर्ग हसतो. ते हसणं पाच सेकंदांत विरतं, शिक्षक ‘शांत बसा’ म्हणून पुढे जातात, कधी स्वतःही जरासे हसतात. मुलासाठी मात्र तिथे हिशेब मिटलेला असतो: पुन्हा उभं राहायचं नाही. इंग्रजी माध्यमाच्या ज्या शाळांत आवारात इंग्रजीखेरीज काही बोलायला बंदी असते तिथे तर मूल चुकीचं इंग्रजी बोलण्यापेक्षा गप्प राहण्याचा शहाणपणा चटकन शिकतं, आणि आपण त्याला बुजरं म्हणतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो मनापासून घेतला जातो: बोलीला मोकळीक दिली तर मुलांची प्रमाण भाषा बिघडेल, पुढे परीक्षेत आणि मुलाखतीत तीच मुलं मागे पडतील. या काळजीचा मी अनादर करत नाही. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे. पण ती बोलूनच येते, आणि जो बोलतच नाही त्याची भाषा सुधारायची कशी? सामवेदी बोलीच्या पट्ट्यातल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. घरची बोली मराठीच्या वाटेत आडवी येते, असं निदान वसईत तरी कुणी म्हणू नये. माझी मागणी एवढीच आहे की मुलाचं पहिलं वाक्य कोणत्याही भाषेत येऊ द्या, त्यातला विचार आधी घ्या, आणि मग तेच वाक्य पुस्तकाच्या भाषेत सगळ्यांनी मिळून म्हणा. विचार चूक की भाषा वेगळी, हे दोन प्रश्न एकाच लाल शाईनं खोडले जाऊ नयेत. आणि वर्ग हसला तर तास तिथे थांबला पाहिजे. हसण्याला शिक्षा करा असं मी म्हणत नाही; पण शिक्षक त्या क्षणी कोणाच्या बाजूनं उभे आहेत हे साऱ्या वर्गाला दिसलं पाहिजे.

मी कुठली मेहेरबानी मागत नाही, हेही नोंदवतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. त्याच कायद्याचं कलम २९ अभ्यासक्रम कसा असावा ते सांगतं: मूल भीती, दडपण आणि चिंता यांतून मोकळं व्हावं आणि आपलं मत खुलेपणानं मांडायला त्याला मदत व्हावी. शक्य तेवढं शिक्षण मातृभाषेतून व्हावं, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलानं मोकळेपणानं बोलावं ही जबाबदारी कायद्यानं शाळेकडे दिलेली आहे. ‘धीटपणा वाढवावा’ हा शेरा त्या कायद्याच्या उजेडात वाचला तर तो मुलाच्या प्रगतिपत्रकावर नव्हे, वर्गाच्या प्रगतिपत्रकावर पडायला हवा.

हे असं उलटून पाहणं आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी घडून गेलं आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा ‘मुलांना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारून मोकळं होणं अगदी सोपं होतं, आणि आजूबाजूचे पुष्कळ जण तेच म्हणत असणार. या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. वारली मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणशाळा निघाली, गुरं चरतील तिथे भरणारी. आज देशभर गेलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचं मूळ त्या अंगणात आहे. डहाणू आपल्यापासून लोकलच्या टप्प्यात आहे. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर शाळेत काय अडतंय ते त्यांनी शोधलं. मूल वर्गात बोलत नाही म्हटल्यावर आपण निदान तोच प्रश्न विचारायला हवा.

आता तुमची बाजू. वर्ग भरलेले आहेत, अभ्यासक्रम संपवायचा आहे, मतदारयाद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंतची कामं मानेवर आहेत. साठ मुलांना बोलतं करायचं कधी? हा आक्षेप सर्वांत खरा आहे. कायद्यानं पाचवीपर्यंत ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. त्याच्या दुपटीनं भरलेले वर्ग चालवणाऱ्या संस्थाचालकांना या दोषातून मी मोकळं करत नाही. तरीही हिशेब करून पाहू. ३५ मिनिटांच्या तासात मुलांच्या बोलण्यासाठी १० मिनिटं काढली तर साठ जणांच्या वाट्याला प्रत्येकी १० सेकंद येतात. एकेकाला उभं करून हे कधीच साधणार नाही. पण प्रश्न विचारून दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, तर तीस जोड्यांत मिळून साठही मुलांना प्रत्येकी एक मिनिट मिळतं. आधी स्वतःशी विचार, मग शेजाऱ्याशी, मग वर्गाशी, ही रीत अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडली. आपल्याकडे प्रशिक्षणांतून ती ‘जोडीत चर्चा’ म्हणून पोचलेलीही आहे. बुजऱ्या मुलासाठी तिचं मोल वेगळंच आहे. साठ जणांपुढे उभं राहण्याआधी त्याचं वाक्य एका माणसासमोर बोलून झालेलं असतं, आणि पुढे सांगताना त्याला ‘मी’ऐवजी ‘आम्हाला वाटतं’ म्हणता येतं. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथली मुलं गटात बसून, बोलत, करत शिकत होती. परतल्यावर अनेक ठिकाणी तिथल्यासारख्या फरशीवरच्या आकृत्या तेवढ्या रंगवल्या गेल्या, याची मला खंत आहे.

आणखी एक आक्षेप याच्या उलट बाजूनं येतो. काही मुलं मुळातच शांत असतात. ऐकून, वाचून, मनात घोळवून शिकतात. त्यांना का छळायचं? हे पूर्णपणे बरोबर आहे, आणि हजेरीपटाच्या क्रमानं अचानक नाव पुकारून उभं करणं हा धीट करण्याचा मार्ग नव्हे, असंच मी म्हणेन. प्रत्येकानं भाषण ठोकावं ही माझी अपेक्षा नाही. भीतीनं आलेलं मौन आणि निवांत मौन यांत एक ओळखीची खूण असते: निवांत मूल गरज पडली की ‘मला हे समजलं नाही’ असं म्हणतं, घाबरलेलं मूल तेही म्हणू शकत नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकण्याची सोय, उद्याचा प्रश्न आज सांगून ठेवणं, तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन विचारण्याची मुभा, यांनी शांत मुलाचा स्वभाव न मोडता त्याची अडचण वर येते. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य त्याच्याऐवजी पुरं करू नका. आणि घरी घडाघडा बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एक शब्दही काढत नसेल, तर तो हट्ट किंवा लाड समजून रागावू नका. ही जाणकारांना ठाऊक असलेली अडचण आहे आणि तिथे पालकांना तज्ज्ञाकडे पाठवायला हवं.

पालकांनाच शांत वर्ग हवा असतो, असंही तुम्ही म्हणाल. असतो खरा. पण विरार-नालासोपाऱ्यातल्या कितीतरी घरांत आईवडील पहाटेची लोकल गाठतात आणि रात्री मुलं पेंगुळलेली असताना परततात. अशा मुलाचं चार वाक्यांचं म्हणणं दिवसभरात ऐकून घेईल असं मोठं माणूस त्याला भेटतं कुठे? शाळेतच. शिकवणीचे वर्ग हे काम करणार नाहीत. तिथे तर आणखी घाई असते.

वक्तृत्व स्पर्धेनं हे भागतं असं मानू नका. दर वर्षी त्याच तीन-चार मुलांना भाषण लिहून दिलं जातं, हातवारे बसवले जातात, ढाल शाळेच्या कपाटात येते. ३ जानेवारीला मुली सावित्रीबाई फुल्यांच्या वेशात ठसक्यात बोलतात आणि टाळ्या घेतात. त्यातलीच एखादी ४ जानेवारीला गणिताच्या तासाला ‘सर, ही पायरी कशी आली?’ असं विचारू शकत नसेल, तर आपण तिला आवाज दिला की संवाद पाठ करून घेतले? फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं १८५५मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. काही वर्षांपूर्वी जिला अक्षरओळखही नव्हती त्या मुलीनं आपल्या समाजाच्या वतीनं थेट प्रश्न विचारले. तिच्या शिक्षकांनी तिला प्रश्न पडू दिले होते, हे त्या निबंधाच्या ओळीओळीत दिसतं.

मूल्यमापनाबद्दल थोडंच लिहितो. २०१९च्या दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण नव्हते. निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला, ओरड झाली आणि ते गुण परत आले. त्या साऱ्या चर्चेत टक्केवारी होती. मुलांना बोलता येतं का, हा विषय जवळजवळ नव्हता. पहिली ते आठवीसाठीही २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं आणलेल्या आकारिक मूल्यमापनात ‘तोंडी काम’ हे एक साधन आहे. ते वर्षभर रोजच्या बोलण्यातून पाहायचं आहे, सत्राच्या शेवटी एका दुपारी गुण भरून उरकायचं नाही. आणि वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवू नका. ‘अबोल आहे’ असं लिहावंसं वाटलं, तर ते मूल कुणाशी बोलतं, कोणत्या विषयावर बोलतं, कुठे बसलं की बोलतं, एवढं पाहून लिहा. तशी एक ओळ पुढच्या वर्षीच्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल.

येत्या जूनमध्ये वर्ग पुन्हा भरतील, फळे नव्यानं रंगवले जातील. उजवीकडच्या कोपऱ्यात तारीख, पट आणि हजर संख्या लिहिली जाईल. तिच्या खाली जिथे बोलणाऱ्यांची नावं लिहिली जात, तिथे त्या दिवशी वर्गातल्या कुणीतरी विचारलेला एक प्रश्न लिहावा, विचारणाऱ्याचं नाव न घालता, आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत पुसू नये, एवढी माझी शेवटची विनंती आहे.



आपल्या शाळांविषयी आस्था असणारा,
वसईतील एक रहिवासी